‘आई झाल्यावरही’मधला ‘ही’

एखादी धावपटू बाळंतपणानंतर शर्यत जिंकली की आपल्याकडे बातमीचा मथळा आधीच तयार असतो. ‘आई झाल्यावरही...’ आणि पुढे काहीही जोडा: मैदान गाजवलं, जिद्द सोडली नाही, सुवर्ण पटकावलं. या ‘ही’ला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात हे आपण शाळेत पाठ केलं आणि विसरलो. पण गेली काही वर्षं लांब पल्ल्याच्या धावपटू बायकांच्या आत्मकथा, मुलाखती, जाहिराती, फोटो असं मिळेल ते वाचत-बघत असताना मला सारखं वाटत राहिलंय, की हे एवढंसं अव्यय म्हणजे एक अख्खा साहित्यप्रकार आहे. त्याची सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला. आणि मधला भाग, जिथे खरं तर सगळं घडतं, तो कापलेला.

आधीच सांगते, मी आई नाही. हौशी धावपटू आहे, हाफ मॅरेथॉन धावते, टायमिंग सांगण्यासारखं नाही. त्यामुळे हा लेख अनुभवाचा नाही, वाचनाचा आहे. आणि वाचताना जे खटकलं त्याचा आहे.

या प्रकारातला सगळ्यात गाजलेला नमुना म्हणजे पॉला रॅडक्लिफचा एक फोटो. ४ नोव्हेंबर २००७, न्यूयॉर्क मॅरेथॉन, सेंट्रल पार्कमधली अंतिम रेषा. ब्रिटनची रॅडक्लिफ २ तास २३ मिनिटं ९ सेकंदांत जिंकलीय आणि तिच्या कडेवर तिची मुलगी आहे, साडेनऊ महिन्यांची. तेव्हा मॅरेथॉनचा जागतिक विक्रमही तिच्याच नावावर होता, २:१५:२५, लंडन २००३. म्हणजे ती कुणी नवखी नव्हती. तरीही त्या दिवसानंतर तिची ओळख करून देताना विक्रमाच्या आकड्याशेजारी हा दुसरा आकडा येऊन बसला: साडेनऊ महिने.

फोटो सुंदर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या चौकटीबद्दल. रॅडक्लिफच्या मागे २३ सेकंदांनी इथिओपियाची गेटे वामी आली. पाच आठवड्यांपूर्वीच तिनं बर्लिन मॅरेथॉन जिंकली होती. पाच आठवड्यांत दोन मॅरेथॉन, त्याही या वेगानं, हा वेडेपणाच. आणि वामीही एका मुलीची आई होती. त्या दिवशी सेंट्रल पार्कमध्ये दोन आया शेवटपर्यंत झुंजल्या, पण ‘आईचा विजय’ एकीच्याच नावावर लागला. दुसरीचं मूल फोटोत नव्हतं, आणि तिच्या बाळंतपणाला काही वर्षं झाली होती. ‘ही’ लागायला बाळ ताजं लागतं!

चौकटीबाहेर आणखी एक गोष्ट राहिली. बाळंतपणानंतर रॅडक्लिफ फार लवकर धावायला लागली आणि तिच्या त्रिकास्थीला, म्हणजे कमरेच्या खालच्या हाडाला, ताणामुळे चीर गेली. त्यात सराव थांबला, आणि हे तिनं लपवलेलं नाही. पण फोटोत हाड दिसत नाही. त्यामुळे ‘साडेनऊ महिने’ हा आकडा जगभर फिरला आणि त्या साडेनऊमधले किती महिने ती धावूच शकत नव्हती हा आकडा फिरला नाही.

ही परंपरा रॅडक्लिफपासून सुरू झाली असंही नाही. नॉर्वेची इंग्रिड क्रिस्टियनसेन १९८३ च्या सुरुवातीला क्रॉसकंट्रीत मागे पडायला लागली. आपण गरोदर आहोत हे तिला बरेच महिने कळलंच नव्हतं. ऑगस्टमध्ये बाळ झालं आणि जानेवारी १९८४ मध्ये तिनं ह्यूस्टन मॅरेथॉन जिंकली. पुढच्या वर्षी लंडनला २:२१:०६ असा जागतिक विक्रम केला, तो १९९८ पर्यंत टिकला. स्कॉटलंडच्या लिझ मॅकॉल्गनला नोव्हेंबर १९९० मध्ये मुलगी झाली आणि ऑगस्ट १९९१ मध्ये टोकियोत ती दहा हजार मीटरची जगज्जेती झाली. (ती मुलगी म्हणजे आजची आयलिश मॅकॉल्गन. तीही लांब पल्ल्याची धावपटू.) पाच महिने, नऊ महिने, साडेनऊ महिने. हे आकडे खरे आहेत आणि थक्क करणारे आहेत. पण एकापाठोपाठ एक वाचत गेलं की त्यांचं वेळापत्रक होतं. आणि वेळापत्रक झालं की कुणीतरी उशिरा पोचणार हे आलंच.

हे किती खोल मुरलंय ते मला आमच्या धावण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिसलं. ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला दिवस गेले. मॅरेथॉन चार तासांच्या आसपास धावणारी, वर्षभर पहाटे पाचला उठणारी मुलगी. तिनं साधा प्रश्न विचारला, मंगळवारचा टेम्पो रन चालू ठेवू का? निम्म्या लोकांनी लिहिलं, ‘ताई, आता नऊ महिने गप घरी बसा, दोन जिवांच्या आहात.’ उरलेल्या निम्म्यांनी रॅडक्लिफचा तो फोटो टाकला आणि पुढे आगीच्या इमोजी. मंगळवारचं काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही. तसं ते सांगायचं काम तिच्या डॉक्टरांचंच होतं आणि त्यांनी नीट सांगितलंही: गर्भारपणात काही गुंतागुंत नसेल तर धावायला हरकत नाही, पण धाप न लागता बोलता येईल इतपतच वेग, आणि उन्हात नाही. मला कुतूहल होतं ते लोकांच्या दोन टोकांबद्दल. आपल्याकडे या विषयाच्या दोनच गोष्टी आहेत, एक घरी बसण्याची आणि एक पदक आणण्याची. तिच्या सरावाच्या वहीत मात्र तिसरीच गोष्ट होती. एका पानावर इतकंच: ‘३ किमी. दोनदा थांबले. बाथरूम. परत येताना चालत.’ या प्रकारातलं मी वाचलेलं सगळ्यात खरं वाक्य तेच.

कारण पदकाच्या गोष्टीत जे कापलं जातं ते या तीन किलोमीटरमध्ये आहे. गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, पण त्यातला पातळ भाग जास्त वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानानं कमी. म्हणजे रक्त भरपूर आणि तरी विरळ. हृदय विश्रांतीतही मिनिटाला दहा-वीस ठोके जास्त देतं. धावपटूच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की मनगटावरचं घड्याळ निरुपयोगी होतं. वर्षानुवर्षं ज्या आकड्यांवर विश्वास ठेवून सराव केला, तेच आता काहीच्या बाही दाखवतात. पहिल्या तीन महिन्यांत पोट दिसतही नसतं, कुणाला सांगितलेलंही नसतं, आणि नेमकी तेव्हाच ओळखीच्या चढावर पाय उचलत नाहीत. पुढे अकरा ते सोळा किलो वजन, तेही सगळं पुढच्या बाजूला. कमरेचे सांधे सैल पडायला लागतात, मूत्राशयावर दाब येतो. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले असतात, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दमलेले असतात, आणि मॅरेथॉन जिंकलेल्या बाईला शिंकतानाही सांभाळावं लागतं. खेळाच्या पुस्तकात शिंक येत नाही.

डॉक्टरी सल्ल्याचाही एक इतिहास आहे आणि तोसुद्धा एक प्रकारचं लेखनच आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८५ मध्ये नियम घातला होता: गरोदर बाईच्या नाडीचे ठोके व्यायामात १४० च्या वर जाऊ नयेत, आणि जोराचा व्यायाम पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. १९९४ मध्ये त्यांनीच ही मर्यादा काढून टाकली. आता सल्ला असा, की आधीपासून जोरकस व्यायाम करणारी निरोगी बाई तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवू शकते. तो १४० चा आकडा मात्र अजून लोकांच्या तोंडी आहे. आणि तो कुणासाठी होता हेही पाहण्यासारखं आहे. आपल्याकडे ऊसतोडीच्या फडात बाया दिवस भरत आले तरी डोक्यावर मोळ्या वाहत आल्यात. तिथे नाडी मोजायला घड्याळ घेऊन कुणी उभं नव्हतं. ‘दोन जिवांची’ म्हणून जपायचं ते घर बघून, हे आपल्याला ठाऊक असतं, आपण फक्त बोलत नाही.

वेगाच्या वरच्या टोकाला मर्यादा आहे, हेही खरं. २०१२ मध्ये सहा अव्वल खेळाडूंवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं, की आईच्या हृदयाची गती तिच्या कमाल मर्यादेच्या नव्वद टक्क्यांवर गेली की गर्भाच्या हृदयाचे ठोके मंदावले, आणि ती थांबल्यावर लगेच पूर्ववत झाले. सहा जणी म्हणजे फार नाहीत. पण गप्पा मारत धावणं आणि जीव तोडून इंटरव्हल मारणं या दोन गोष्टींत फरक आहे, आणि ‘ती शेवटपर्यंत धावत होती’ या कौतुकाच्या वाक्यात तो फरक पुसला जातो.

बाळंतपणानंतरचं तर विचारूच नका. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत पुन्हा धावायला सुरुवात करण्याआधी किमान बारा आठवडे थांबा असं म्हटलंय. आपल्या आज्यांचा सव्वा महिना हा त्या मानानं घाईचाच म्हणायचा! आजी जुनाट आणि विज्ञान पुढारलेलं, असं समजून बसलेल्या माझ्यासारखीला हे वाचताना गंमत वाटली. डिंकाच्या लाडवांबद्दल सूचनांमध्ये काही नाही.

आता पुस्तकांकडे. धावण्याच्या साहित्याची मूळ अडचण मला वाटतं अशी, की ते सलगतेवर उभं आहे. हारुकी मुराकामीचं धावण्यावरचं छोटं पुस्तक आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलंय. रोज धावणं, रोज लिहिणं, वर्षाला एक मॅरेथॉन. वय वाढतं, वेळ घसरते, तो ते प्रामाणिकपणे मांडतो, आणि मला ते पुस्तक आवडतं. पण त्यातली घसरण ही एका सरळ उताराची घसरण आहे. ती रेषा कुठे तुटत नाही. मधेच वर्षभर शरीर दुसऱ्याच कामाला लागलंय, आणि ते काम संपल्यावर परत मिळालेलं शरीर आधीचं नाही, अशा जीवनाला त्या रचनेत जागाच नाही. हा मुराकामीचा दोष नाही, तो स्वतःबद्दल लिहितोय. पण पुढच्या लेखकांनी ती सलगता म्हणजेच धावणं असं धरलं, आणि मग बायकांच्या पुस्तकांत गरोदरपण ‘खंड’ म्हणून यायला लागलं. खंड पडला, भरून काढला, पुन्हा रेषा सुरू. परत ‘ही’ आलाच.

या रचनेतून बाहेर पडलेलं एक पुस्तक म्हणजे अमेरिकन धावपटू कारा गाउचरचं ‘द लाँगेस्ट रेस’ (२०२३). पत्रकार मेरी पिलन यांच्यासोबत लिहिलेलं. ते साहित्य म्हणून थोर आहे असं मी म्हणणार नाही. ते जबानीसारखं आहे, पुरावे मांडत जाणारं. कधी कधी वाटतं, जरा थांबून एखादी सकाळ नीट दाखवली असती तर बरं झालं असतं. शिवाय पुस्तकाचा मोठा भाग तिचे प्रशिक्षक अल्बर्टो सालझार आणि नायकेच्या ओरेगॉन प्रोजेक्टमधल्या गोष्टींचा आहे, त्यामुळे गरोदरपणाला मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही. पण जी मिळते तिथे एक गोष्ट लखलखीत दिसते, ती म्हणजे दोन कॅलेंडरांची टक्कर. एक शरीराचं, एक कराराचं.

गाउचर आणि रॅडक्लिफ २०१० मध्ये एकाच वेळी गरोदर होत्या, पोर्टलंडला एकत्र सरावही करायच्या. तेव्हा त्या दोघींवर कौतुकाचे लेख आले. दोन अव्वल धावपटू, दोन पोटं, एकाच रस्त्यावर. जगाला दाखवायला याहून गोड चित्र नव्हतं. त्याच काळात पडद्याआड काय चाललं होतं ते गाउचरनं मे २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधून जाहीरपणे सांगितलं. पुन्हा शर्यतीत उतरेपर्यंत तिचं मानधन नायके थांबवणार होती. म्हणून तिनं बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी हाफ मॅरेथॉन ठरवली. मग बाळ गंभीर आजारी पडलं, इस्पितळात होतं. बाळाजवळ थांबायचं की सरावाला जायचं? ती सरावाला गेली, आणि ते तिला कधीच माफ करता आलेलं नाही.

आता हे लक्षात ठेवून तिच्या धावेचा निकाल वाचा. एप्रिल २०११, बॉस्टन मॅरेथॉन, बाळंतपणाला सात महिनेही झालेले नाहीत, २:२४:५२, पाचवा क्रमांक, तिची तोवरची सर्वोत्तम वेळ. ‘ही’च्या साहित्यात हा कळस ठरला असता. बाळाचा आजार न सांगता नुसता हा आकडा सांगितला असता तर मीसुद्धा तो ग्रुपवर टाकला असता. त्याच वर्षी, बाळंतपणाचं वजन लवकर उतरावं म्हणून सालझारनी आपल्याला डॉक्टरी चिठ्ठीशिवाय थायरॉइडचं औषध घ्यायला सांगितलं, असा आरोप तिनं २०१५ मध्ये बीबीसी आणि प्रोपब्लिका यांच्या वृत्तांतात केला. सालझारनी आपण काही गैर केल्याचं नाकारलं. पुढे २०१९ मध्ये उत्तेजकांविषयीच्या नियमांच्या वेगळ्या उल्लंघनांसाठी त्यांच्यावर चार वर्षांची बंदी आली. पण आरोप बाजूला ठेवला तरी त्यातला संदर्भच मला बोचतो: पाच-सहा महिन्यांपूर्वी बाळंत झालेली, अंगावर पाजणारी बाई, आणि तिचं वजन हा एका टेबलाभोवतीचा चर्चेचा विषय.

गाउचरला बोलतं करणारा मूळ लेख अलिसिया मॉन्टान्योचा. ती आठशे मीटरची धावपटू, म्हणजे लांब पल्ल्याची नव्हे, पण तिच्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. २०१४ मध्ये आठव्या महिन्यात ती अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत धावली होती, २ मिनिटं ३२ सेकंद, सगळ्यात शेवटची. तो व्हिडिओ तुम्ही बहुतेक पाहिला असेल, अधूनमधून रील होऊन फिरतो. खाली ‘क्वीन’, ‘रिस्पेक्ट’. त्या पोटामागे प्रायोजकाशी पैशांची झटापट होती हे २०१९ मध्ये, मातृदिनाच्या दिवशी, तिनं लिहिलं तेव्हा कळलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत नायकेची एक जाहिरात आली होती, सेरेना विल्यम्सच्या आवाजातली. बायका करतात ते सगळं ‘वेडेपणा’ ठरवलं जातं अशी तिची कल्पना, आणि त्यात बाळ झाल्यावर परत येण्याचाही उल्लेख. मी ती जाहिरात आली तेव्हा दोनदा पाहिली होती आणि दोन्ही वेळा अंगावर काटा आला होता. जाहिरात म्हणून ती अजूनही चांगलीच आहे, अडचण तीच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनं धोरण बदललं: गरोदरपणाच्या काळात मिळून अठरा महिने खेळाडूच्या मानधनात कपात नाही. हा बदल जाहिरातीनं झाला नाही, तीन-चार बायकांनी गुप्ततेचे करार बाजूला ठेवून लिहिलं म्हणून झाला.

फोटोंमध्येही ‘ही’ चुकवणारा एक फोटो आहे, गंमत म्हणजे तो सगळ्यात जास्त ‘सुपरमॉम’ म्हणून फिरला. २०१८, आल्प्समधली यूटीएमबी ही १७० किलोमीटरची डोंगरातली शर्यत, इटलीतलं कूर्मायूर इथलं विश्रांतीस्थान. ब्रिटनची सोफी पॉवर भिंतीला टेकून बसलीय, एका बाजूला तीन महिन्यांचं बाळ दूध पितंय, दुसऱ्या बाजूला पंप लावलाय. शेजारी एक पुरुष धावपटू दमून आडवा पसरलाय. लोकांनी वाचलं: बघा, बाई काय काय करू शकते! पॉवर स्वतः सांगत राहिली ते वेगळंच होतं. २०१४ मध्ये तिला या शर्यतीत जागा मिळाली होती आणि ती गरोदर होती. दुखापत झालेल्याला जागा पुढच्या वर्षी मिळायची, गरोदर बाईला नाही. त्यामुळे चार वर्षांनी पुन्हा जागा मिळाली तेव्हा ती सोडायची तिची तयारी नव्हती. तीन महिन्यांच्या बाळंतिणीनं १७० किलोमीटर धावावं असा त्या फोटोचा मुद्दाच नाही. तिच्यापुढे दुसरा पर्याय ठेवला नव्हता, हा मुद्दा आहे. पुढे यूटीएमबीनं, लंडननं, बॉस्टननं नियम बदलले, गरोदर धावपटूची जागा राखली जाऊ लागली. फोटोचा अर्थ मात्र अजून बऱ्याच ठिकाणी तोच लावला जातो. तो आडवा पसरलेला माणूस मला नेहमी त्या फोटोतला सगळ्यात सुखी जीव वाटतो.

लॉरेन फ्लेशमनचं ‘गुड फॉर अ गर्ल’ (२०२३) गाउचरच्या पुस्तकापेक्षा चांगलं लिहिलेलं आहे, विनोदी आहे, आणि त्याचा भर गरोदरपणावर नसला तरी गाउचरच्या कोड्याचं उत्तर तिथे सापडतं. तिचं म्हणणं, सगळी क्रीडाव्यवस्था मुलांच्या शरीराच्या आलेखावर बेतलेली आहे. वयात येताना मुलांचा वेग चढत जातो, मुलींचा काही काळ थबकतो किंवा घसरतो, आणि त्या थबकण्याला व्यवस्था अपयश समजते. हेच पुढे तिशीत लागू करा. वर्षाला अमुक स्पर्धा, नाहीतर पैसे कापू, हा करार ज्या शरीराला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला त्याला कधी दिवस जाणार नव्हते.

मला सतावणारी आणखी एक गोष्ट अशी, की मी वाचलेली ही सगळी पुस्तकं अमेरिकन आहेत. इथिओपियाच्या देरार्तू तुलूनं १९९२ मध्ये दहा हजार मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, मग मुलगी झाली, आणि २०००मध्ये सिडनीत पुन्हा तेच सुवर्ण. केनियाच्या फेथ किप्येगॉनला जून २०१८ मध्ये मुलगी झाली. त्यानंतर टोकियोचं सुवर्ण, आणि २०२३ मध्ये पंधराशे, मैल आणि पाच हजार मीटर असे तीन जागतिक विक्रम एकाच मोसमात. या बायका मधल्या महिन्यांत काय करत होत्या, बाळ कुणाजवळ होतं, पहिला किलोमीटर कसा गेला, हे इंग्रजी मुलाखतींच्या दोन-तीन ओळींपलीकडे मला मिळालेलं नाही. मराठीत तर ओळीही नाहीत. कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये दहा हजार मीटरचं कांस्य जिंकलं, ललिता बाबर २०१६ मध्ये रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. त्यांच्यावर आपण भरभरून लिहिलं. पाणी भरणारी मुलगी, डोंगरातली वाट, अनवाणी पाय. पण आपल्याकडची धावपटूची गोष्ट पदकाशी येते आणि लग्नाच्या बातमीपाशी थांबते. शरीर पुढे काय करतं हे विचारायचं आपल्या क्रीडापानांना सुचत नाही, आणि साहित्याला धावणारी बाई अजून नीट दिसलेली नाही.

आकड्यांचा प्रश्न मला आवडतो म्हणून एक अभ्यास सांगते. कॅनडातल्या संशोधकांनी ४२ अव्वल धावपटूंच्या गरोदरपणाआधीच्या आणि नंतरच्या सरावाच्या आणि शर्यतींच्या नोंदी तपासल्या. ज्यांना पूर्वीच्या पातळीवर परतायचंच होतं, त्यांची कामगिरी खालावलेली नव्हती, आणि निम्म्याच्या आसपास जणींची सुधारली होती. ‘करिअर संपलं’ म्हणणाऱ्यांना हे दाखवायला बरं आहे. पण मला त्यातलं मोजमाप जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी पाहिलं ते एक ते तीन वर्षं या टप्प्यात. महिन्यांत नव्हे.

आणि म्हणून मला अलिफिन तुलियामुकची गोष्ट या सगळ्यांपेक्षा जास्त पुरते. केनियात जन्मलेली, अमेरिकेकडून धावणारी. २९ फेब्रुवारी २०२० ला अटलांटात तिनं ऑलिंपिकची मॅरेथॉन निवड चाचणी जिंकली. ऑलिंपिक झालं की मूल, असं ठरलेलं होतं. महिन्याभरात ऑलिंपिकच पुढे गेलं. मग तिनं वेळापत्रक उलटं केलं, जानेवारी २०२१ मध्ये मुलगी झाली. करोनाच्या नियमांमुळे अंगावर पिणारं बाळ जपानला नेता येईना, त्यासाठी तिला आणि इतर खेळाडू आयांना भांडावं लागलं, शेवटी परवानगी मिळाली. बाळंतपणानंतर सात महिन्यांच्या आत, ७ ऑगस्टला, ती साप्पोरोच्या रस्त्यावर उभी राहिली. ‘ही’च्या गोष्टीला हवं ते सगळं इथे जमलेलं होतं. कंबरेच्या दुखण्यानं तिला शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली.

बातम्या तिथेच संपल्या. ती संपली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कला, सेंट्रल पार्कमधल्या त्याच अंतिम रेषेवर, ती सातवी आली, अमेरिकनांमध्ये पहिली. २:२६:१८, तिची तोवरची सर्वोत्तम वेळ. मी वाचलेल्या वृत्तांतांत कुणी बाळंतपणापासूनचे महिने दिलेले नव्हते. जानेवारी २०२१ ते नोव्हेंबर २०२२. मला ते बोटांवर मोजावे लागले.